चौदाव्या वर्षी मुखत्यार

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला, आपण यापुढे आईबापांच्या ताब्यात नसून आपल्या बऱ्यावाईटाचे मुखत्यार आपणच आहोत, असा हुकूम मिळावा म्हणून राहत्या परगण्याच्या न्यायालयात दरखास्त करता येते. ही हकीकत प्रथम कानी आली म्हणजे आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांना पाश्चात्त्य कुटुंबसंस्थेच्या अधःपाताचे आणखी एक प्रमाण हाती लागल्याचे समाधान होते, आणि घरातील जाचाने पोळलेल्या एखाद्या पोरसवदा वाचकाला त्या दूरदेशीच्या मुलांचा क्षणभर हेवा वाटतो. त्या कायद्याची कलमे आणि त्यांच्यामागचा इतिहास सावकाशपणे वाचला, तर या दोन्ही भावना बऱ्याच अंशी निवळतात. कारण आईबापांविरुद्ध मुलाला उपसता येईल असे शस्त्र म्हणून हा कायदा जन्मास आलेला नाही, आणि व्यवहारात त्याचा उपयोगही पुष्कळदा भलत्याच बाजूने झालेला आहे.

१९७८ साली संमत झालेल्या आणि आज त्या राज्याच्या कुटुंबविषयक संहितेत समाविष्ट असलेल्या या कायद्याच्या अटी संख्येने थोड्या आहेत, परंतु ज्याने त्या पुऱ्या करावयाच्या त्याचे वय ध्यानात घेता त्यांना सोप्या म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. अर्जदाराला चौदा वर्षे पूर्ण झालेली असावीत. तो आईबापांपासून स्वखुशीने वेगळा राहत असावा आणि त्याच्या वेगळे राहण्याला त्यांची संमती, निदानपक्षी मूकसंमती, असावी. आपल्या पैशाअडक्याचा व्यवहार तो स्वतः पाहत असावा. आणि त्याची प्राप्ती कोणत्याही गुन्ह्याच्या मार्गाने होत नसावी. दरखास्तीसोबत आपली दरमहाची आवक किती, घरभाडे किती, खाण्यापिण्याला आणि औषधपाण्याला काय लागते, याचा जमाखर्च त्याने प्रतिज्ञेवर लिहून द्यावयाचा असतो. आईबापांचा ठावठिकाणा माहीत असेल तर त्यांना रीतसर नोटीस जाते, आणि अर्जदाराची मुक्तता त्याच्या हिताला बाधक नाही अशी खातरजमा झाल्यावरच न्यायाधीश हुकूमनामा देतात. ज्या मुलाला घरात मार बसतो, परंतु ज्याचे आईबाप त्याला सोडावयास तयार नाहीत आणि ज्याच्या खिशात दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचीही तजवीज नाही, त्याला यांतील पहिली अट तेवढी पुरी करता येते. बाकीच्या अटींपाशी त्याची वाट बंद होते.

हुकूमनामा हाती पडल्यावर काय साधते हेही पाहिले पाहिजे. अशा मुलाला आपल्या दुखण्यावरील उपचारांना स्वतःच संमती देता येते, भाडेचिठ्ठीवर त्याची सही चालते, त्याने केलेला करार त्याला बांधून ठेवतो, त्याला फिर्याद करता येते आणि त्याच्यावर फिर्याद होऊही शकते, मृत्युपत्र करता येते, मिळकत घेता आणि विकता येते, शाळेत आपले नाव आपणच घालता येते. मात्र मतदानाचा हक्क अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून मिळत नाही, मद्याचा पेला एकविसाव्या वर्षाआधी हाती धरता येत नाही, आणि सक्तीच्या शिक्षणाचा नियमही सुटत नाही. हे झाले मुलाच्या पदरात पडलेले. आईबापांच्या पदरात जे पडते ते एका वाक्यात सांगता येते: त्या दिवसापासून मुलाच्या पोषणाची त्यांची कायदेशीर जबाबदारी संपते. पुढे तो निष्कांचन झाला आणि निर्वाहाचे कोणतेच साधन उरले नाही, तर न्यायालय हुकूम मागे घेऊन त्याला पुन्हा अज्ञानांच्या वर्गात बसवू शकते. परंतु मधल्या काळात त्याने केलेले करार आणि अंगावर घेतलेली देणी त्यामुळे नाहीशी होत नाहीत. हक्क आणि कर्तव्य यांचा हा ताळेबंद मांडून पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की, या व्यवहारात मुलाला जितके स्वातंत्र्य मिळते, जवळजवळ तितकीच सुटका आईबापांनाही मिळते.

या सुटकेचा उगम फार जुना आहे. प्राचीन रोममध्ये कुटुंबातील ज्येष्ठ पुरुषाची सत्ता मुलाच्या वयाबरोबर कमी होत नसे. मुलगा चाळिशीला आला, सैन्यात नाव काढून परतला, राज्याच्या अधिकारपदावर चढला, तरी बाप हयात आहे तोवर त्याच्या मिळकतीचा धनी बापच असे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात कोरल्या गेलेल्या बारा पट्टिकांच्या कायद्यात असा एक निर्बंध होता की, बापाने मुलाला तीनदा विकल्यास मुलगा त्याच्या सत्तेतून मोकळा होतो. लोभी बापाला आळा घालण्यासाठी केलेल्या या निर्बंधातूनच रोमन विधिज्ञांनी मुक्ततेची युक्ती काढली: बापाने विश्वासातल्या स्नेह्याला मुलगा लटकाच विकावा, स्नेह्याने त्याला सोडून द्यावे, आणि हा देखावा तीनदा झाला म्हणजे मुलगा स्वतंत्र व्हावा, मुलीला आणि नातवंडांना मात्र एकच विक्री पुरे होत असे. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात हा सारा देखावा काढून टाकून अधिकाऱ्यासमोरील साध्या निवेदनावर काम भागवले. परंतु या प्रकरणातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, जुन्या कायद्याप्रमाणे मुक्त झालेला मुलगा बापाचा वारस राहत नसे. प्रेटर नावाच्या न्यायाधिकाऱ्यांनी पुढे उदार होऊन त्याचा वारसा त्याला परत मिळवून दिला. रोमन बाप मुलाला मोकळा करी तेव्हा ती कृपा होती की हकालपट्टी, हे पुष्कळदा त्या घरातल्या माणसांनाच ठाऊक असे.

अमेरिकेत गेलेल्या इंग्रजी परंपरेने या कल्पनेला आणखी रोकडे रूप दिले. तेथील जुन्या सामान्य कायद्यानुसार मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत त्याच्या श्रमावर आणि मजुरीवर बापाचा हक्क असे, आणि त्या मोबदल्यात त्याला पोसणे बापावर बंधनकारक असे. मुलगा शेतावर किंवा गिरणीत राबून जे मिळवी ते बापाने घेण्याऐवजी त्यालाच ठेवू द्यावयाचे ठरवले, तर न्यू इंग्लंड भागातील बाप वर्तमानपत्रात जाहिरात देत की, मी अमुक मुलाला त्याचा काळ बहाल केला आहे, यापुढे त्याच्या मजुरीवर माझा दावा नाही आणि त्याच्या कर्जालाही मी जबाबदार नाही. आपल्याकडील मराठी दैनिकांत अधूनमधून झळकणाऱ्या, ‘आमचा मुलगा आमच्या ऐकण्यात नाही, त्याच्याशी कोणीही व्यवहार केल्यास त्यास आम्ही जबाबदार राहणार नाही’ या धर्तीच्या जाहीर नोटिशी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या जाहिरातींचा सूर ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की, आपल्याकडे असल्या नोटिशीने अज्ञान मुलाचा पोटगीचा हक्कही बुडत नाही आणि वडिलार्जित मिळकतीतील त्याचा हिस्साही जात नाही, तर अमेरिकेतील न्यायालये त्या जाहिरातींना पुरावा म्हणून खरोखर मान देत असत. विवाह झाला किंवा मुलगा सैन्यात दाखल झाला, तरीही बापाची सत्ता संपली असे ही न्यायालये धरून चालत.

मुलाने स्वतः न्यायालयाची पायरी चढावी ही कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे, आणि तिच्यामागे त्या देशात उठलेले मोठे वादळ आहे. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, दूरध्वनीवरून अश्लील बोलल्याच्या आरोपावरून धड चौकशीवाचून सुधारशाळेत धाडलेल्या ॲरिझोनातील पंधरा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात, वकील मिळण्याचा आणि आरोपाची सूचना मिळण्याचा हक्क मुलांनाही आहे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोत लोटलेल्या तरुणांच्या लोंढ्यात असंख्य अल्पवयीन मुले होती, आणि त्यांना रात्रीचा आसरा देण्यासाठी त्या शहरात हकलबेरी या नावाचे निवारागृह उघडण्यात आले. एकविसाव्या वर्षी सज्ञान मानल्या जाणाऱ्या मुलांना अठराव्या वर्षी व्हिएतनामच्या रणांगणावर पाठवले जात असल्याचे वैगुण्य इतके डोळ्यांवर आले की, १९७१ मधील सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय अठरावर आणले आणि पाठोपाठ बहुतेक राज्यांनी सज्ञानतेचे वयही खाली उतरवले. जॉन होल्ट या शिक्षणविचारकाने १९७४ सालच्या आपल्या ग्रंथात तर मत देणे, काम करणे आणि आपला पालक आपण निवडणे, हे हक्क कोणत्याही वयाच्या मुलाला मागता आले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. अशा वातावरणात कॅलिफोर्नियाचा कायदा झाला. कनेक्टिकटने लगोलग सोळा वर्षांवरील मुलांसाठी तशीच सोय केली. टेक्ससमध्ये सतरा वर्षांच्या, किंवा वेगळे राहणाऱ्या सोळा वर्षांच्या, मुलाला अज्ञानत्वाची बंधने काढून टाकण्याची मागणी करता येते. उलट न्यूयॉर्कसारख्या मोठ्या राज्यात अशी स्वतंत्र दरखास्त नाहीच; पोटगीचा किंवा तत्सम दुसरा दावा चालू असता, हे मूल मुक्त झालेले आहे की नाही, एवढेच तेथील न्यायाधीश ठरवतात.

या कायद्याला जगभर प्रसिद्धी मिळाली ती चित्रपट आणि क्रीडा यांच्या दुनियेतून, आणि तिचे कारणही उघड आहे. जेथे मूलच घराचे मिळवते माणूस होते, तेथे पालक आणि पाल्य यांच्या हितसंबंधांत तेढ येण्याला फारसा अवकाश लागत नाही. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘द किड’ या चित्रपटातील जॅकी कूगन या बालनटाने लक्षावधी डॉलर मिळवले; सज्ञान झाल्यावर त्याने आपल्या ठेवीची चौकशी केली तेव्हा आई आणि सावत्र बाप यांनी ती बहुतांशी खर्चून टाकली असल्याचे त्याला कळले. १९३८ साली त्याने दावा लावला, पण अखेर त्याच्या हाती सुमारे सव्वा लाख डॉलरच आले, कारण अज्ञान मुलाची कमाई कायद्याने आईबापांचीच होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने बालकलावंतांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा, आजही त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. ड्रू बॅरिमोर या अभिनेत्रीने १९८४ साली एका चित्रपटात, आईबापांपासून मुक्तता मागणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीची भूमिका केली, आणि पुढे वयाच्या चौदाव्या वर्षी ती प्रत्यक्षातच न्यायालयाच्या हुकमाने स्वतंत्र झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघातील चौदा वर्षांची जिम्नॅस्ट डॉमिनिक मोचॅनू हिने दोनच वर्षांनी, आपल्या कमाईचा वडिलांनी मनमानी विनियोग केल्याचा आरोप करून, ह्यूस्टनच्या न्यायालयाकडून सज्ञानत्व मिळवले. या दोघींच्या कहाण्या वृत्तपत्रांत गाजल्या, तथापि त्यांच्यात एक समान गोष्ट होती जी साध्या घरातील मुलापाशी नसते: मोकळे होण्याची फी भरण्याइतके, आणि मोकळे झाल्यावर जगण्याइतके, द्रव्य त्यांच्या कामातून येत होते.

साध्या घरांतील मुलांचे काय झाले, याचा शोध कॅरोल सँगर आणि एलिनॉर विलेमसेन या दोन विदुषींनी कॅलिफोर्नियातील दोन परगण्यांच्या न्यायालयांत आलेल्या दरखास्ती तपासून घेतला आणि १९९२ साली तो प्रसिद्ध केला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो स्वावलंबी, विचारी आणि आपल्या पायांवर उभा राहिलेला किशोर; दप्तरांत आढळली ती पुष्कळशी अशी मुले, की ज्यांच्या दरखास्तीमागची मूळ प्रेरणा त्यांच्या आईबापांचीच होती. मुलगी ऐकत नाही, मुलगा सावत्र बापाशी जमवून घेत नाही, घरात रोज कलह होतो, आणि कायद्याने पोसण्याचे बंधन तर सुटत नाही, अशा पेचात सापडलेल्या पालकांनी मुलापुढे अर्ज ठेवावा आणि मुलाने त्यावर सही करावी, असा प्रकार होत होता. आणि मूकसंमतीची जी अट मुलाच्या रक्षणार्थ घातली होती ती अशा ठिकाणी पालकांच्या उत्साहामुळे अनायासे पुरी होत होती. न्यायाधीशांपुढे दोन्ही पक्ष एकमताने उभे असल्यामुळे विरोधाचा शब्द काढणारे कोणी नसे. स्वातंत्र्याचा हुकूमनामा म्हणून जो कागद मुलाच्या हाती आला, तोच आईबापांच्या कपाटात फारकतीचा दस्तऐवज म्हणून जमा झाला.

याच्या उलट दिशेचे एक प्रकरण त्याच १९९२ सालच्या सप्टेंबरात फ्लोरिडातील ऑरलँडो शहरात घडले, आणि त्याचे कामकाज साऱ्या अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिले. वेळोवेळी सरकारी संगोपनात ठेवल्या गेलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाने, आपल्या जन्मदात्या आईचे पालकत्वाचे हक्क रद्द करावेत आणि आपण ज्यांच्या घरी राहत होतो त्या कुटुंबाने आपल्याला दत्तक घ्यावे, अशी मागणी स्वतःच्या नावाने केली होती. मुलाने आईला घटस्फोट दिला, अशा मथळ्यांनी वृत्तपत्रांनी तो खटला रंगवला. खालच्या न्यायालयाने त्याची मागणी मान्य केली. पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने आईचे हक्क रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला, परंतु अज्ञान मुलाला स्वतःच्या नावाने असा दावा आणता येत नाही, त्यासाठी कोणी मोठे माणूस पुढे असावे लागते, असे बजावले. या मुलाला मुखत्यारी नको होती. त्याला हवे होते ते दुसरे घर, आणि त्या मागणीत अल्पवयीन मनाची जी स्वाभाविक गरज दिसते ती कॅलिफोर्नियाच्या अटींच्या यादीत कोठेच दिसत नाही.

युरोपातील दिवाणी संहितांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. फ्रान्समध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला न्यायाधीश मुक्त करू शकतात, परंतु त्यासाठी अर्ज करावयाचा तो आईबापांनी. मुलाला स्वतः तो अधिकार नाही. आपल्या वाचकांना हे दूरचे वाटू नये, कारण याच कुळातील एक कायदा आपल्या शेजारी गोमंतकात दीर्घकाळ नांदला आहे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० सालच्या जुलैपासून गोव्यात लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तेथील कौटुंबिक कायद्याचा पाया म्हणून टिकून राहिली. तिच्यात सज्ञानतेचे वय एकवीस होते, आणि त्याआधी मुक्त होण्याचे मार्ग सांगितले होते ते असे: एक विवाह, आणि दुसरा अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बापाने, बाप नसल्यास आईने, आणि दोघेही नसल्यास कुटुंबसभेने दिलेली मुभा. मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्या घरांना लागू असलेल्या या कायद्यातही मुक्तता ही वरून खाली दिली जाणारी वस्तू होती. मुलाने मागून घ्यावयाची ती नव्हती.

ब्रिटिश अमलाखालील आणि पुढे स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानने मात्र ही कल्पना स्वीकारलीच नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने अठरा वर्षांची रेषा आखली; न्यायालयाने पालक नेमला असल्यास ती एकवीसवर जात असे, तो अपवादही १९९९ साली काढून टाकण्यात आला. या रेषेच्या अलीकडे असलेल्या व्यक्तीला कोणतेही न्यायालय सज्ञान ठरवू शकत नाही. तिने केलेला करार, १९०३ साली कलकत्त्याच्या एका गहाणखताच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरवल्याप्रमाणे, मुळातच रद्दबातल असतो. म्हणून सतरा वर्षांच्या कमावत्या मुलीला स्वतःच्या सहीने खोली भाड्याने घेता येत नाही, जरी रिझर्व्ह बँकेच्या २०१४ सालच्या परिपत्रकानंतर दहा वर्षांचे मूलही बचत खाते स्वतः चालवू शकते. आपल्या परंपरेने विभक्त होण्याचा विचार केला तो मिळकतीच्या अंगाने. चालुक्यांच्या कल्याण नगरीत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने वडिलार्जित संपत्तीत मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा मान्य केला, आणि त्याच धाग्याने आजही बाप मिळकत उधळत असल्यास अज्ञान मुलाच्या वतीने एखादा हितचिंतक वाटणीचा दावा लावू शकतो. वाटणी मुलाच्या हिताची आहे असे न्यायालयाला पटले की ती होते. असा मुलाचा हिस्सा वेगळा निघतो, परंतु मूल वेगळे निघत नाही. त्याच्या नावावरील जमिनीच्या उताऱ्यात अज्ञान पालनकर्ता म्हणून कोणा ना कोणाचे नाव लागतेच.

विवाहाच्या बाबतीत तर दोन्ही कायद्यांचा प्रवाह परस्परविरुद्ध वाहतो. कॅलिफोर्नियात लग्न झालेली अल्पवयीन मुलगी आपोआप मुक्त समजली जाते. आपल्या १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मात्र विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक तिचा पती ठरवला आहे, म्हणजे बापाच्या ताब्यातून सुटलेली मुलगी नवऱ्याच्या ताब्यात जाते. बालपणी इतरांनी बांधलेले बंधन पुढे आपल्याला मान्य नाही, असे न्यायासनापुढे निर्भयपणे सांगणारी पहिली प्रसिद्ध मराठी स्त्री म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि सासरी कधीच न नांदलेल्या या मुंबईकर मुलीवर १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने दिलेला निकाल अपिलात फिरला, १८८७ साली नांदावयास जा नाहीतर कारावास भोग असा हुकूम झाला, तेव्हा तिने कारावास पत्करण्याची तयारी दाखवली, आणि अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. त्या वेळी ती वयाने सज्ञान होती; परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न अज्ञान वयाचाच होता. त्याचे उत्तर कायद्याने २००६ साली दिले: बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार लहानपणी लग्न झालेल्या मुलीला किंवा मुलाला, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, तो विवाह रद्द करून मागता येतो, आणि त्याआधीही पालक किंवा हितचिंतक व बालविवाह प्रतिबंधक अधिकारी यांच्यामार्फत तसा अर्ज करता येतो. आपल्या कायद्यात किशोरवयीन व्यक्तीला खऱ्या अर्थाने मुक्ततेची मागणी करू देणारी अशी ही एक जागा आहे, आणि तिच्यात मुलीचे पोटगीचे व निवासाचे रक्षण करण्याची तरतूद न्यायालयाला दिलेली आहे, हे तिचे विशेष मोल.

मग ज्या घरात लग्नाचा प्रश्न नाही परंतु मारहाण आहे, दारू आहे, शिक्षण बंद करून कामाला जुंपणे आहे, किंवा मुलीच्या मनाविरुद्ध तिला कोंडून ठेवणे आहे, तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने काय करावे? हजारो मुलांनी याचे उत्तर पायांनी दिले आहे. मुंबईच्या मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर घर सोडून आलेली मुले रोज उतरतात. २०१५ च्या बालन्याय कायद्याने त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती नेमण्याचे बंधन घातले आहे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या, त्यांत निदान एक स्त्री असलेल्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. पोलीस, सामाजिक कार्यकर्ते किंवा कोणीही नागरिक मुलाला तिच्यापुढे हजर करू शकतो, आणि कायद्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे की, मूल स्वतःहूनही हजर होऊ शकते. समिती त्याची चौकशी करते, त्याचे म्हणणे ऐकते, घरी पाठवणे धोक्याचे वाटल्यास त्याला बालगृहात, नातलगाकडे किंवा संगोपन करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात ठेवते. अठरा वर्षांनंतरही एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहाचा आधार देण्याची तरतूद आहे. पालकत्वाचे दावे चालवणाऱ्या न्यायालयालाही १८९० च्या कायद्याने मुभा दिली आहे की, समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घ्यावी. या सर्व व्यवस्थेत मुलाला मुखत्यारी मिळत नाही. परंतु त्याला आपल्या जमाखर्चाचा हिशेबही मांडून दाखवावा लागत नाही.

दोन्ही पद्धतींचा तौलनिक विचार करता माझे मत असे की, हिंदुस्थानाने मुक्ततेचा कायदा आणला नाही यात काही गमावलेले नाही. ज्या वयात माणसाला आधार लागतो त्या वयात त्याला आधाराची गरज नसल्याचे सिद्ध करावयास लावणारा कायदा, मोजक्या श्रीमंत बालकलावंतांच्या उपयोगी पडतो आणि बाकीच्यांना एकाकी करतो, असाच अमेरिकेचा अनुभव आहे. तेथेही अलीकडे अनेक राज्यांनी सरकारी संगोपनातील मुलांना अठराव्या वर्षी बाहेर न लोटता एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याचे धोरण, २००८ सालच्या संघराज्य कायद्याच्या साहाय्याने, पत्करले आहे. आपली उणीव दुसरीकडे आहे. मुलाचे म्हणणे ऐकण्याची जी तरतूद आपल्या कायद्यांत आहे, ती फार थोड्या मुलांना आणि त्याहून थोड्या पालकांना, शिक्षकांना व पोलीस पाटलांना ठाऊक आहे. आणि जेथे ती ठाऊक आहे तेथेही, पोर घर सोडून आले म्हणजे त्याला गोड बोलून, दमदाटी करून, त्याच गाडीने परत पाठवण्यातच पुण्य आहे अशी आपली समजूत आहे. ते घर का सोडून आले हे विचारण्याचा शहाणपणा त्या समजुतीत बसत नाही.

तेव्हा ज्या वाचकांच्या शाळेत, वस्तीत किंवा चाळीत असे एखादे मूल असेल त्यांनी त्याला एवढे सांगून ठेवावे की, १०९८ हा क्रमांक रात्री-अपरात्री केव्हाही फिरवता येतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे उभे राहण्यासाठी त्याला ना वकील लागतो, ना आईबापांची संमती.